वाळवंटातला होकार

पुण्यास शिकणारी काही मुले सुटीत अकलूजला घरी आली होती. संध्याकाळी नीरेच्या काठी त्यांची-आमची गाठ पडली, आणि बोलता बोलता विषय निघाला तो २०२४ साली आलेल्या 'ड्यून'च्या दुसऱ्या चित्रपटाचा. त्यातील वाळवंट, त्यातील प्रचंड वाळूकिडे, त्यातील युद्ध यांविषयी मुले भरभरून बोलत होती. त्यांतील एकाने आम्हांला सहज विचारले, "सर, त्यातला पॉल म्हणजे आपला ख्रिस्तच नाही का? भाकीत झालेला, लोकांनी वाट पाहिलेला, वाळवंटात जाऊन परत आलेला, आणि गांजलेल्या लोकांना सोडवणारा?" त्या वेळी आम्ही काहीतरी मोघम उत्तर दिले. पण प्रश्न मनातून गेला नाही. या टिपणात त्याचेच उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा प्रश्न एका परदेशी कादंबरीपुरता नाही. आपण मुक्तिदाता कोणास म्हणतो, हा तो प्रश्न आहे.

प्रथम मूळ पुस्तकाविषयी. फ्रँक हर्बर्ट हे अमेरिकन लेखक (१९२०–१९८६). व्यवसायाने पत्रकार. १९५७ साली ओरेगॉन राज्यातील फ्लोरेन्स या गावाजवळ सरकारी खाते गवत लावून सरकणारी वाळू थोपवीत होते. त्यावर लेख लिहावा म्हणून ते तेथे गेले. तो लेख पुरा झालाच नाही. पण वाळूने गिळलेली गावे, पाण्याचा अभाव आणि वाळवंटात जन्मणारे धर्म यांविषयीचा त्यांचा अभ्यास वाढत गेला. १९६३ ते १९६५ या काळात ही कथा 'अ‍ॅनालॉग' मासिकात क्रमशः आली आणि १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली होती; अखेर जिने स्वीकारली ती संस्था मुख्यतः मोटारदुरुस्तीची पुस्तके छापणारी होती. हर्बर्ट यांनी हे पुस्तक कोरडवाहू भूमीच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना अर्पण केले आहे. सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला ही अर्पणपत्रिका परकी वाटण्याचे कारण नाही. वर्षाकाठी सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही, अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला पाण्याचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

कथा थोडक्यात अशी. अराकिस नावाच्या ग्रहावर सर्वत्र वाळू आहे, पाऊस नाही. मात्र साऱ्या विश्वाचा व्यवहार ज्यावर चालतो तो 'मसाला' नावाचा दुर्मिळ पदार्थ केवळ तेथेच मिळतो. सम्राटाच्या कारस्थानाने हार्कोनेन घराणे अट्रेडीज घराण्याचा घात करते. ड्यूक लेटो मारला जातो. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा पॉल आणि पॉलची आई जेसिका वाळवंटात पळून जातात. तेथे फ्रेमेन नावाचे वाळवंटवासी राहतात. ते चिवट आहेत, गनिमी काव्यात निपुण आहेत, आणि कोणीतरी येऊन आपल्याला सोडवील अशा भाकितावर त्यांचा विश्वास आहे. पॉल त्यांच्यात मिसळतो, वाळवंटातील एका लहानशा उंदराचे 'मुआद्दिब' हे नाव धारण करतो, त्यांचा सेनानी होतो, नंतर त्यांचा प्रेषित होतो, आणि शेवटी सम्राटाचे सिंहासन घेतो.

या जगाची उभारणी हे हर्बर्ट यांच्या प्रतिभेचे खरे यश होय. फ्रेमेन अंगात जो पोशाख घालतात तो घाम व श्वासातील ओल गाळून पुन्हा पिण्याजोगी करतो. मेलेल्या माणसाच्या देहातील पाणीही त्याच्या एकट्याचे नसते, ते जमातीचे असते. परक्याने समोर थुंकावे हा तेथे अपमान नव्हे. स्वतःची ओल दुसऱ्यासाठी खर्च केली, म्हणून तो सन्मान होय. द्वंद्वयुद्धात पॉलला जामिस नावाच्या माणसाला ठार मारावे लागते. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी पॉलच्या डोळ्यांतून पाणी येते, तेव्हा सारी जमात स्तब्ध होते: या मुलाने मृताला पाणी दिले! संपूर्ण कादंबरीत पॉल आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो या प्रसंगी. येथे तो कोणाचा प्रेषित नसतो. आपल्या हातून माणूस मेला म्हणून रडणारा एक मुलगा असतो. पुढे त्याचे सामर्थ्य वाढत जाते आणि ही अश्रूंची ओल आटत जाते. त्याच्या सगळ्या कहाणीचा आलेख या एका प्रसंगावरून काढता येईल.

आता भाकिताकडे वळू. फ्रेमेन ज्या मुक्तिदात्याची वाट पाहतात त्याचे भाकीत त्यांच्यात आले कोठून? येथे लेखकाने आपल्यासारख्या वाचकाला अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली आहे. बेने गेसेरिट नावाचा स्त्रियांचा एक गुप्त संघ आहे. त्याची एक शाखा निरनिराळ्या मागास ग्रहांवर जाऊन तेथील लोकांच्या मनात सोयीच्या दंतकथा पेरून ठेवते. उद्देश एवढाच की पुढे संघातील एखादी स्त्री तेथे संकटात सापडली, तर त्या दंतकथेचा आधार घेऊन तिने आपला जीव वाचवावा. जेसिका नेमके हेच करते. म्हणजे ज्या श्रद्धेवर फ्रेमेन प्राण देतात, ती श्रद्धा कोणा दुसऱ्याच्या सोयीसाठी रुजवलेली असते. या संघाच्या नावात जेझुइट संघाच्या नावाचा नाद आहे, हे अनेकांनी दाखवून दिले आहे.

हा टोला आपल्याला लागतो, हे कबूल केले पाहिजे. पोर्तुगीज सत्तेच्या छायेत गोव्यात जे घडले त्याचा इतिहास निखळ उज्ज्वल नाही. तलवार आणि क्रूस तेथे नेहमीच वेगळे राहिले नाहीत. तरीही आम्हांला येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यांनीही एक कथा परक्या भूमीत आणली. परंतु ती आणण्यापूर्वी त्यांनी त्या भूमीची भाषा आत्मसात केली, तिच्या ओवीत आपली कथा घातली, आणि मराठीची थोरवी मुक्त कंठाने गायिली. कथा पेरणाऱ्याची कसोटी आमच्या मते हीच: कथा ऐकणाऱ्याला मोठे करण्यासाठी ती सांगितली जाते, की सांगणाऱ्याच्या सुटकेची चोरवाट म्हणून? बेने गेसेरिटची कथा दुसऱ्या प्रकारची आहे. आपल्या इतिहासात दोन्ही प्रकार सापडतात. म्हणूनच ही कादंबरी आपण चिडून मिटून ठेवू नये, तिच्यापुढे बसून आपलेच परीक्षण करावे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पॉल आणि प्रभू येशू यांच्यात बाह्य साम्य पुष्कळ आहे. दोघांचीही वाट पाहिली जात होती. दोघांच्याही काळी परकी सत्ता लोकांच्या मानेवर बसली होती. दोघेही वाळवंटात गेले. परंतु वाळवंटात काय घडले, तेथेच सारा भेद आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान येशूपुढे तीन मोह ठेवतो: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, आणि मला नमन करून जगातील सर्व राज्ये घे. येशू तिन्ही वेळा नकार देतो. मुआद्दिबची कथा वाचताना आम्हांला वारंवार वाटले की हेच तीन मोह त्याच्याही समोर येतात. आणि तो मात्र तिन्ही वेळा होकार देतो.

पहिला मोह भाकरीचा; अराकिसवर तो पाण्याचा आहे. फ्रेमेन लोकांचे एक जुने स्वप्न आहे, वाळवंट हिरवे करण्याचे. ते त्यांना दिले एका शास्त्रज्ञाने, पार्डो काइन्सने, आणि पुढे नेले त्याच्या मुलाने, लिएट-काइन्सने. ते काम कोणा वीराचे नव्हते. गवताची एकेक काडी रोवायची, दंवाचा थेंब थेंब साठवायचा, आणि तीनशे ते पाचशे वर्षांनी आपल्या खापरपणतवांनी सावलीत बसावे, एवढीच त्यात आशा होती. मुआद्दिब हेच स्वप्न आपल्या हाती घेतो आणि सत्तेच्या जोरावर ते लवकर पुरे करण्याचे वचन देतो. तिसऱ्या भागात, म्हणजे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'चिल्ड्रेन ऑफ ड्यून'मध्ये, हिरवळ येते खरी. पण पाणी हे वाळूकिड्यांना विष असते, किडे मरू लागतात, आणि ज्यांच्या अंगी वाळवंटाची शिस्त होती ते लोक पाण्याबाबत निष्काळजी होतात. माळशिरस तालुक्यातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले, नीरा उजवा कालवा आला, सासवडचे माळी शेतकरी येथे येऊन वसले, १९३०च्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि जेथे ज्वारीची भ्रांत होती तेथे ऊस डोलू लागला. ही समृद्धी खरी आहे आणि तिच्यामागे माणसांचे कष्ट आहेत. तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु कालव्याच्या पाण्याबरोबर क्षारपड जमीनही येते, आणि पाण्याची किंमत विसरण्याची सवयही येते, हे येथल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताच ठाऊक आहे. येशू भुकेल्यांना भाकरी देत नाही असे नाही. पाच हजारांना तो जेवू घालतो. पण त्यानंतर लोक त्याला बळेच राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. भाकरी द्यावी, पण भाकरीच्या मोबदल्यात माणसे विकत घेऊ नयेत, हा भेद मुआद्दिबला साधत नाही.

दुसरा मोह चमत्काराचा. मुआद्दिब महाकाय वाळूकिड्यावर स्वार होतो. जे विष प्याल्याने आजवरचे सारे पुरुष मेले, ते पिऊन तो जिवंत राहतो. प्रत्येक वेळी जमाव भाकिताशी पडताळा घेतो आणि गर्जना करतो. वाचकाच्या लक्षात येते की पॉल हळूहळू भाकिताचे पात्र वठवू लागला आहे. भाकीत आपल्या सोयीने पेरलेले आहे हे त्याला माहीत असते, आणि तरी तो ते वापरतो. मंदिराच्या शिखरावरून उडी न टाकणारा येशू, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उड्या टाकीत जाणारा पॉल!

तिसरा मोह राज्यांचा. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पॉल सम्राटापुढे उभा राहतो, मसाल्याचे उत्पादनच कायमचे नष्ट करीन अशी धमकी देतो, आणि राजकन्या इरुलानशी नावापुरता विवाह करून सिंहासन घेतो. चानी, जिने त्याच्यावर वाळवंटात प्रेम केले, जिचे मूल या युद्धात मारले गेले, तिच्या वाट्याला पत्नीचे नावही येत नाही. विजयाच्या त्या प्रसंगी वाचकाचा ऊर भरून यावा अशीच रचना आहे. पण लेखकाने त्याआधीच आपल्या कानात एक सूचना सांगून ठेवलेली असते. लिएट-काइन्स वाळवंटात मरत पडलेला असताना त्याला आपल्या दिवंगत बापाचा आवाज भासतो, आणि तो आवाज बजावतो की एखाद्या वीरपुरुषाच्या हाती सापडण्याइतकी भयंकर आपत्ती लोकांवर दुसरी येऊ शकत नाही. आमच्या मते संपूर्ण ग्रंथमालेचे मर्म येथे आहे. ते सांगणारा एक मरणारा शास्त्रज्ञ आहे, आणि युद्धाच्या धामधुमीत ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

नेत्याची पारख त्याच्या शत्रूंवरून करू नये, अनुयायांवरून करावी. स्टिल्गर हा फ्रेमेन जमातीचा नायक. आरंभी तो पॉलला शिकवतो, रागावतो, त्याच्याशी बरोबरीने बोलतो. शेवटी शेवटी पॉलच्याच ध्यानात येते की हा आपला मित्र आता मित्र राहिला नाही. तो पूजक झाला आहे. एक स्वतंत्र माणूस नाहीसा झाला आणि त्या जागी आज्ञेची वाट पाहणारा एक भक्त उभा राहिला. येशूने आपल्या शिष्यांना शेवटच्या भोजनाच्या वेळी दास न म्हणता मित्र म्हटले, हे आपण जाणतो. एकाच्या सहवासात दासांचे मित्र झाले. दुसऱ्याच्या सहवासात मित्राचा दास झाला. त्या मुलाला आमचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर ते हेच.

मुआद्दिबच्या विजयाचा हिशेब १९६९ सालच्या 'ड्यून मसीहा' या दुसऱ्या भागात मांडलेला आहे. त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली, ९० ग्रह निर्जीव झाले. पॉल स्वतःच हा आकडा उच्चारतो आणि चंगीझखान व हिटलर यांच्याशी आपली तुलना करतो. त्याला भविष्य दिसत होते. हे सारे टाळावे असे त्याला वाटतही होते. परंतु जे दिसले त्यातून सुटण्याची वाट त्याला सापडली नाही, असे लेखक सांगतो. येथे आमचा लेखकाशी मतभेद आहे. आधी कळणे म्हणजे बांधले जाणे नव्हे. पेत्र आपल्याला तीनदा नाकारील हे येशूला ठाऊक होते. म्हणून पेत्राचे स्वातंत्र्य नष्ट झाले नाही, आणि म्हणूनच त्याचे रडणे खरे ठरले. हर्बर्ट यांनी भविष्यदृष्टीला तुरुंग केले आणि त्या तुरुंगाच्या गजांआड नायकाची जबाबदारी पुष्कळशी लपवली. नैतिक दृष्ट्या ही या कादंबरीची सर्वांत दुबळी बाजू होय.

दुसरा दोष त्याहून ढोबळ आहे. गांजलेले लोक वाळवंटातले, पण त्यांना सोडवणारा बाहेरून आलेला उमराव. हजारो वर्षे वाळवंटात टिकलेल्या, लढाईत कोणाला हार न जाणाऱ्या फ्रेमेन लोकांतून एकही नेता निपजू नये? या कथेमागे टी. ई. लॉरेन्स यांची अरबस्तानातील कामगिरी आहे; कॉकेशसमध्ये रशियाशी झुंजलेल्या इमाम शामिलवरील लेस्ली ब्लँच यांच्या १९६० सालच्या ग्रंथाचाही तिच्यावर प्रभाव आहे. पण शामिल त्याच डोंगरांतला होता, आणि लॉरेन्स बाहेरचा. हर्बर्ट यांनी युद्धाचे रंग शामिलकडून घेतले आणि नायकाचा साचा लॉरेन्सकडून घेतला. बाहेरून येणाऱ्या त्रात्यावर टीका करायची होती असे मानले, तरी टीकेसाठी निवडलेली ही कहाणी पुन्हा त्याच त्रात्याभोवती फिरते.

या ठिकाणी आम्हांला अकलूजचाच इतिहास बोलावून घ्यावासा वाटतो. ज्या नीरेच्या काठी त्या मुलाने प्रश्न विचारला, तेथेच १६८९ साली औरंगजेबाची छावणी होती. संगमेश्वरास छत्रपती संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला येथेच मिळाली, आणि या गावाला मोगलांनी असदनगर असे नाव दिले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. राजा गेला, लवकरच राजधानी रायगडही गेली, नवा राजा दूर जिंजीस अडकून पडला. एका वीरपुरुषावर अवलंबून असलेला लढा असता तर तो तेथेच संपायचा. पण तो आणखी अठरा वर्षे चालला. रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव, पुढे ताराबाई, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे असंख्य शिलेदार यांनी तो चालवला. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला, पण लढा संपला नव्हता.

त्यातही संताजी घोरपडे यांचे चरित्र मुआद्दिबशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. १६९५ साली दोड्डेरीस कासिमखानाची फौज आणि १६९६ च्या आरंभी हिंमतखानाची फौज त्यांनी धुळीस मिळवली. वेग, कोरड्या मुलखाची जाण, शत्रूची रसद तोडणे, ही त्यांची हत्यारे होती. फ्रेमेन लोकांचीही हीच आहेत. पण संताजींविषयी कोणी भाकीत केले नव्हते, आणि त्यांनी कोणाकडून पूजा मागितली नाही. त्यांच्यात दोष होते. त्यांची शिस्त निर्दय होती. याच निर्दयतेतून त्यांना वैरी निर्माण झाले, आणि १६९७ साली अकलूजच्या पश्चिमेस शंभू महादेवाच्या डोंगररांगेत, एकाकी अवस्थेत, म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना मारले. ओढ्यावर स्नान करीत असताना हे घडले असे सांगितले जाते. त्यांचे मस्तक बादशहाकडे गेले. त्या वेळी त्याची छावणी याच सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरीस होती. ही शोकांतिका आहे. पण तीत एक गोष्ट घडली नाही: संताजींच्या नावाने कोणी धर्मपीठ उभारले नाही, आणि त्यांच्यामागे लढा थांबलाही नाही. ज्या लोकांना नेता गमावून पुढे जाता येते, ते लोक जिवंत आहेत असे समजावे. मुआद्दिबच्या लोकांना नेता मिळाला आणि ते संपले.

चित्रपटाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आजचा वाचक पुस्तकाकडे त्या दारातून येतो. डेव्हिड लिंच यांच्या १९८४ सालच्या चित्रपटाच्या अखेरीस पॉल अराकिसवर पाऊस पाडतो. मूळ लेखकाने ज्या चमत्काराविरुद्ध लिहिले तोच चमत्कार पडद्यावर विजयाचे चिन्ह झाला! डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ व २०२४ सालच्या आपल्या दोन चित्रपटांत मात्र मूळ इशारा नीट ओळखला आहे. त्यांनी तो चानीच्या तोंडी दिला. भाकितावर तिचा विश्वास नाही. आमची सुटका आमच्यातल्याच कोणी केली पाहिजे, असे तिचे म्हणणे. आणि शेवटी सारे गुडघे टेकीत असताना ती पाठ फिरवून निघून जाते. पुस्तकातील चानी अशी नाही, पण हा बदल आम्हांला न्याय्य वाटतो. तरीही आमच्या त्या तरुण मित्राला पॉलच आठवत राहिला, चानी नव्हे. रणवाद्ये, वाळूचे डोंगर आणि नायकाचा देखणा चेहरा यांपुढे एका मुलीची पाठमोरी आकृती कशी टिकावी? हर्बर्ट यांनी वीरपुरुषाविषयी सावध करण्यासाठी वीरपुरुष रंगवला आणि तो इतका मोहक रंगवला की वाचक सावध होण्याऐवजी भुलला. याचा सगळा दोष लेखकाच्या माथी मारता येणार नाही. आपल्यालाच भुलायचे असते.

येथे हा विषय ग्रंथालयाच्या बाहेर पडतो. १९७२च्या दुष्काळात याच भागातील माणसे खडी फोडायला गेली. ज्याने तो काळ पाहिला आहे, त्याला कोणी येईल आणि पाणी आणील या आशेचे बळ ठाऊक आहे. ती आशा हसण्यावारी नेण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपल्या भोवती, राजकारणात, जातीजमातींत, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आपल्या धर्मग्रामांतही, एका माणसावर सारे सोपवून मोकळे होण्याची ओढ वाढते आहे. सभेत आपण नेत्याचे भाषण ऐकतो, की स्टिल्गरसारखे त्याच्याकडे पाहत राहतो? एखाद्या धर्मगुरूने वा कार्यकर्त्याने चांगले काम केले तर आपण त्याच्याबरोबर काम करतो, की त्याची तसबीर लावतो? तसबीर लावणे सोपे असते. लिएट-काइन्सप्रमाणे गवताची काडी रोवणे कठीण, कारण तिची सावली आपल्याला मिळत नाही.

आणि तरी या कथेत आशेला जागा आहे. दुसऱ्या भागाच्या अखेरीस पॉल आंधळा होतो आणि फ्रेमेन रिवाजानुसार एकटाच वाळवंटात चालू लागतो. तिसऱ्या भागात एक आंधळा उपदेशक वाळवंटातून शहरात येतो, आणि मुआद्दिबच्या नावाने उभ्या राहिलेल्या धर्माच्या मंदिरासमोर, त्याच्याच पुजाऱ्यांसमोर, त्या धर्माचा धिक्कार करतो. तो कोण, हे वाचकाला उमगते. त्याच मंदिरापुढे तो मारला जातो. पहिल्यांदा वाळवंटात गेला तेव्हा त्याने होकार दिला होता. दुसऱ्यांदा परत आला तो नकार घेऊन. उशिरा दिलेला तो नकार होता आणि त्याची किंमत अब्जावधींनी आधीच मोजली होती. परंतु जामिससाठी रडलेला तो मुलगा पुरता मेला नव्हता, एवढे त्यातून कळते.

पुढच्या सुटीत ती मुले पुन्हा भेटतील. त्या वेळी आम्ही त्यांना सांगू: बाळांनो, पॉल ख्रिस्तासारखा नाही. ख्रिस्ताला ज्या ज्या गोष्टी देऊ केल्या गेल्या आणि ज्या त्याने घेतल्या नाहीत, त्या घेतल्या असत्या तर काय झाले असते, याची ती कथा आहे. म्हणून ती जरूर वाचा, आणि पहिल्या पुस्तकाशी थांबू नका.